जुने हात, नवे हात आणि एकच काम : मिश्र वयाची टीम कशी उभी राहते



आजचा विषय सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात, सोसायटीत, बँकेत, शाळेत रोज समोर येतो. पन्नाशी ओलांडलेली माणसं आणि विशी-पंचविशीतली पोरं एकाच छपराखाली काम करतात. या दोघांची मिळून एक टीम कशी बांधायची? 'ज्येष्ठांचा आदर करा, तरुणांना संधी द्या' एवढं म्हणून यातून सुटता येतं. आम्ही तसं करणार नाही. कारण आदर आणि संधी, दोन्ही असूनही काम बिघडलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

आम्ही या भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांत कामगारांच्या प्रशिक्षणासाठी जातो. त्यातल्या एका फाउंड्रीतली ही गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तुमच्यापैकी अनेकांना ती आपल्याच शेडमधली वाटेल.

पावसाळ्याचे दिवस होते. मोल्डिंगवर एक जुने कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. निवृत्तीला आठ महिने उरलेले. सँड प्लँट सांभाळायला एक चोवीस वर्षांचा इंजिनियर, कामावर येऊन वर्ष झालेलं. मामांनी सवयीप्रमाणे वाळू मुठीत घेतली, आवळली, मोडून बघितली. हाताला वाळू चिकटत होती. म्हणजे पाणी जास्त. पण ते काही बोलले नाहीत. पाळी संपली, साचे फोडले, तर बराचसा माल भोकं पडलेला. सगळा भंगारात.

का झालं असं? तांत्रिक कारण सरळ आहे. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड ओतताक्षणी त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते, आणि कास्टिंगमध्ये भोक राहतं. त्या दिवशी गळक्या पत्र्याखाली नव्या वाळूचा ढीग भिजला होता. प्रयोगशाळेतला नमुना ती वाळू मिक्सरमध्ये पडण्याआधीचा होता. म्हणून पॅनेलवरचा आकडा बरोबर होता, आणि मामांच्या मुठीतली वाळूसुद्धा बरोबरच सांगत होती. आकडा तासाभरापूर्वीचा होता, मूठ त्या क्षणाची होती.

मग मामा बोलले का नाहीत? आम्ही नंतर त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मागच्या महिन्यात एकदा बोललो होतो की. चारचौघांत म्हणाला, मामा, मशीन सांगतंय ना, चालू द्या. मग म्हटलं, चालू द्या." आणि तो इंजिनियर काय म्हणाला? "मला वाटलं मामा काही बोलले नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे. त्यांना विचारायला जायचं म्हणजे मला काही येत नाही असं दिसलं असतं."

बघा, इथे ज्ञान कमी नव्हतं. ते दोन माणसांत वाटलेलं होतं आणि मधल्या दहा पावलांत अडकून पडलं होतं. तो मुलगा मामांना वाकून नमस्कार करायचा, दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेला होता. मामाही त्याचं कौतुक करायचे. आदर भरपूर होता, पण बोलण्याची वाट नव्हती. आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. मिश्र वयाची टीम चांगल्या स्वभावावर उभी राहत नाही. एकाचं काम दुसऱ्याशिवाय पुरं होणार नाही अशी कामाची रचना केली, आणि विचारण्यात किंवा थांबवण्यात कोणाचीच मानहानी होणार नाही याची व्यवस्था लावली, तर ती उभी राहते.

आता जरा मागे जाऊ. ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही.

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं, मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि तेच शिकवू लागले. पुढे बेळगावात कारखाना काढला, तिथली जागा सोडावी लागली, आणि औंध संस्थानच्या प्रतिनिधींनी जागा दिल्यावर १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीचे होते. त्यांच्याकडे इंजिनियरिंगची पदवी नव्हती. लोखंडी नांगर कसा ओतायचा, ओतलेला फाळ का तुटतो, शेतकरी तो का घेत नाही, हे सगळं करता करता, चुकता चुकता शिकायचं होतं. लोखंडाने जमीन नासेल असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत.

अशा ठिकाणी वयाचा प्रश्न कमी का टोचला असेल? आम्हाला वाटतं, काम सगळ्यांनाच नवं होतं म्हणून. चाळिशीचा माणूसही शिकत होता आणि सोळा वर्षांचा पोरगाही शिकत होता. जिथे कोणालाच सगळं येत नाही, तिथे विचारायला लाज वाटत नाही.

खरी परीक्षा पुढे आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनियर होऊन १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीला परतले. म्हणजे एका बाजूला ५७ वर्षांचे, हाताने शिकलेले वडील आणि त्यांच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षं भट्टीपाशी घालवलेले कारागीर. दुसऱ्या बाजूला २३ वर्षांचा, पुस्तक शिकून आलेला मुलगा. आपल्या प्रत्येक शेडमधला आजचा प्रश्न हाच आहे, फक्त तिथे तो एकाच घरात होता. पुढे या उद्योगातून हरिहरला यंत्रं, बंगळूरला विजेच्या मोटारी आणि पुण्याला ऑइल इंजिनं बनू लागली, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. नुसत्या पदवीवर हे झालं नसतं, आणि नुसत्या हातावरही झालं नसतं.

सातारा जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला शिक्षणमहर्षी म्हणून माहीत आहेत. पण त्याआधी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, आणि साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. हा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर आणि कारखान्याच्या दारात, दोन्हीकडे वावरलेला होता. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र पुढे रुजलं. या सूत्राकडे आपण गरीब मुलांची सोय म्हणून बघतो. ते बरोबरच आहे, पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. काम करता करता शिकताना शिकवणारा आणि शिकणारा एकाच वाफ्यात उभे असतात. चूक झाली तर ती दोघांच्या समोर होते. वर्गात फळ्यासमोर शिकवलेलं आणि वाफ्यात शेजारी उभं राहून शिकवलेलं, यात हा फरक आहे. आपल्या कारखान्यांना आज हेच हवं आहे.

आता वयाबद्दलचे दोन गैरसमज बघू.

पहिला गैरसमज, 'वय झालं की माणूस हळू होतो आणि शिकत नाही.' यातला अर्धा भाग खरा आहे. हाताचा वेग वयानुसार कमी होतो. पण कामाचा वेग म्हणजे हाताचा वेग नव्हे. टिमथी सॉल्टहाउस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये टायपिस्टांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट. वयस्कर टायपिस्टांची बोटं हळू होती, हे मोजून दिसलं. तरी त्यांचं टायपिंग तरुणांच्या मागे पडत नव्हतं. कसं? ते मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. बोटांची कसर डोळ्यांनी भरून काढत होते. आपल्याकडचा जुना फिटरही हेच करतो. पोरगा तीनदा धावतो, हा एकदाच उठतो, पण उठताना लागणारे तिन्ही पाने हातात घेऊनच उठतो.

दुसरा गैरसमज, 'आजची पोरं टिकत नाहीत, त्यांना शिकवून काय फायदा?' पोरं जातात हे खरं आहे. पुण्याची बस सकाळी सुटते आणि चाकणला दोन पैसे जास्त मिळतात. पण जी जातात ती फक्त पगारासाठी जातात असं नाही. वर्षभर झाडू, ट्रॉली आणि नोंदवही एवढंच हातात दिलं तर कोण थांबेल? अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावे लागतात. अनेक ठिकाणी त्यांना कायद्याची भरती म्हणून घेतलं जातं आणि स्वस्तातले हात म्हणून वापरलं जातं. वर्ष संपलं की तो पोरगा प्रमाणपत्र घेऊन जातो आणि जुना कारागीर म्हणतो, 'बघा, सांगत नव्हतो?'

आणि जुनी माणसं शिकवत का नाहीत? हा प्रश्न नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. एका कामगाराने आम्हाला स्पष्ट सांगितलं, "साहेब, माझ्या हातात काय आहे हे याला दिलं, की उद्या मला विचारणार कोण?" ही भीती खोटी नाही. कायम कामगाराने कंत्राटी पोराला शिकवायचं आणि मग कायम कामगारालाच घरी बसवायचं, असं घडलेलं लोकांनी पाहिलेलं आहे. व्यवस्थापनातल्या मंडळींनी हे मनावर घ्यावं. ज्याच्या मनात नोकरीची धाकधूक आहे, त्याच्याकडून ज्ञान काढता येत नाही. आधी त्याला लेखी सांगा की शिकवल्याने तुमची जागा जाणार नाही, उलट शिकवणं हाही तुमच्या कामाचा भाग धरला जाईल. मग शिकवायला सांगा.

याहून खोल एक गोष्ट आहे, ती आपल्या घरातली. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आपण लहानपणी शिकतो. चांगली सवय आहे. पण 'उलट बोलणं' आणि 'धोका दाखवणं' यातला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. म्हणून चोवीस वर्षांचा मुलगा मामांना 'तुमची पद्धत चुकतेय' म्हणू शकत नाही. आणि तोच मुलगा हुद्द्याने साहेब असल्यामुळे मामा त्याला 'आज वाळू ओली आहे' म्हणू शकत नाहीत. एकाचं तोंड वयाने बंद, दुसऱ्याचं हुद्द्याने बंद. हाक मारताना मामा म्हणा, साहेब म्हणा, जे चालत आलंय ते चालू द्या. पण काम थांबवण्याचा अधिकार नात्यावर आणि हुद्द्यावर ठेवू नका. तो ज्याला बिघाड दिसला त्याचा असला पाहिजे.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते क्रमाने सांगतो.

एक. जोडी लावा आणि जोडीला एकच हिशोब द्या. जुन्याचा माल वेगळा, नव्याचा वेगळा असं मोजलं की दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. एका मशीनचा, एका पाळीचा रिजेक्ट माल दोघांच्या नावावर एकत्र लिहा. मग विचारणं ही दोघांचीही गरज होते.

दोन. अंदाज आधी, आकडा नंतर. त्या फाउंड्रीत नंतर हेच केलं गेलं. दर तासाला मामांनी वाळू मुठीत घेऊन आधी सांगायचं, 'ओली', 'बरोबर' किंवा 'कोरडी'. इंजिनियरने ते लिहायचं, मग मीटर लावायचा. जिथे दोघं जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधायचं. महिन्याभरात दोघांनाही आपापल्या मर्यादा कळल्या. मिक्सरपाशी ठीक असलेली गरम वाळू साच्यापर्यंत पोचताना सुकते, हे मूठ पकडत होती, मीटर नाही. उलट, वाळूत बळ नाही एवढं मूठ सांगायची, पण पाणी कमी की बेंटोनाइट कमी, हे नेमकं मीटरमुळे कळायचं. इथे कोणी हरलं नाही. पोराला मुठीची भाषा आली आणि मामांना आकड्याची.

तीन. जुन्याने बोलायचं, नव्याने लिहायचं, आणि जुन्याने तपासायचं. 'तुमचा अनुभव लिहून द्या' असं जुन्या कामगाराला सांगितलं तर कागद कोराच येतो. कारण हाताला जे येतं ते तोंडाला येत नाही. शेजारी उभं राहून 'आत्ता का थांबलात? आवाजावरून काय कळलं?' असं विचारलं की उत्तर येतं. पोरांच्या खिशात मोबाइल आहेच. दोन मिनिटांचा व्हिडिओ, खाली चार ओळी. पण तो मामांना दाखवून, त्यांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

चार. शिकवण्याची वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा. आपल्या कृष्णा-वारणा काठच्या साखर कारखान्यांकडे बघा. गाळप सुरू झालं की तीन पाळ्या, श्वास घ्यायला फुरसत नाही. पॅनवरचा जुना माणूस नमुना काढतो, काचेवर पसरतो, दाणा बघतो, पाक बोटांत धरून त्याची तार बघतो आणि ठरवतो, आता रस घ्यायचा की थांबायचं. नव्या पॅनला ऑटोमेशन असतं, तक्ता पडद्यावर दिसतो. पण बारीक खोटा दाणा पडायला लागला की काय करायचं, हे काचेवर बघून शिकावं लागतं. ते हंगामातच दिसतं, पण हंगामात समजावायला वेळ नसतो. म्हणून दोन टप्पे करा. हंगामात पोराला पॅनवर नुसतं शेजारी उभं करा आणि रोजची नोंद ठेवायला लावा. मग ऑफ सीझनमध्ये, मिलचे रोलर उघडलेले असताना, त्या नोंदी घेऊन दोघांना बसवा. यंत्र उघडलेलं असतं तेव्हा समजावणं सोपं जातं.

पाच. शरीराचा विचार करा. जर्मनीत डिंगोल्फिंग इथल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये एक प्रयोग झाला. एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षांची, एकूण ४२ माणसं ठेवली. त्यांनाच विचारलं, काय दुखतं, काय दिसत नाही? सुमारे ७० छोटे बदल झाले. सिमेंटच्या जागी लाकडी फरशी, बसून काम करता येईल अशा खुर्च्या, बारीक भागांसाठी भिंगं, कामांची अदलाबदल. सगळा खर्च साधारण ४० हजार युरो. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे एवढंही लागणार नाही. मोठ्या अक्षरातलं ड्रॉइंग, मशीनजवळ एक चांगला दिवा, उभं राहायला रबरी मॅट. याचा फायदा पोरांनाही होतो, कारण तीसच्या आत कंबर धरलेली पोरं आम्ही कमी पाहिलेली नाहीत.

सहा. रात्रपाळीची वाटणी उघडपणे करा. 'पोरं तरुण आहेत, त्यांनाच लावा' असं गुपचूप ठरलं की वर्षभरात सगळी नवी माणसं रात्री आणि सगळी जुनी दिवसा, अशी विभागणी होते. मग शिकवणार कोण आणि कोणाला? दोघं एकमेकांना फक्त गेटवर भेटतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला ठीक आहे, पण ऑर्डर डोक्यावर असताना वेळ कुठे आहे? आक्षेप बरोबर आहे. जोडी लावल्यावर सुरुवातीला काम थोडं मंदावतं, हे आम्ही लपवत नाही. पण त्या पावसाळी पाळीत भंगारात गेलेल्या मालाचा हिशोब करा. लोखंड पुन्हा वितळवायची वीज, वाया गेलेली मजुरी, ग्राहकाला हुकलेली तारीख. मामांना आणि त्या पोराला रोज दहा मिनिटं बोलायला दिली असती तर त्याची किंमत त्या एका पाळीत वसूल झाली असती.

आणखी एक आक्षेप असतो, की पोरगा शिकून निघून गेला तर? तर गेला. पण नोंदी राहतात, व्हिडिओ राहतात, आणि मामांना शिकवायची सवय लागलेली असते. शिवाय शिकवणारी जागा सोडून जायला पोरांचाही पाय लवकर निघत नाही, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी त्या दोघांबद्दल सांगतो. मामा ठरल्या दिवशी निवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो, सगळं रीतीने झालं. निरोपाला त्या इंजिनियरने भाषण केलं नाही. त्याने तासागणिक नोंदींची वही आणली होती, डावीकडे मामांची मूठ, उजवीकडे मीटर. मामांनी ती चाळली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हितं मी चुकलो होतो. आन् हितं तुझा मीटर." दोघंही हसले. आता तोच मुलगा नव्या अप्रेंटिसला आकडा दाखवण्याआधी वाळू मुठीत घ्यायला लावतो.

कर्मचारी पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. तुमच्या कारखान्यात, बँकेत, शाळेत येत्या दोन वर्षांत ५८ ओलांडणारी माणसं कोण आहेत, त्यांची यादी उद्या करा. प्रत्येक नावासमोर लिहा, यांना जे येतं ते आज आणखी कोणाला येतं? ज्या नावासमोरची जागा रिकामी राहील, तिथे परवापासून एक जोडी लावा. मोठं धोरण नंतर करता येईल. सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून करू या.